जाऊबाईंचं पॉलिश

"फडका कुठाय?" सासऱ्यांनी खुर्चीवरून विचारलं, आणि तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. हात गाडीच्या बॉनेटवरून फिरत होता, त्यांनी सांगितलं होतं तसा, सरळ रेषेत, पुढून मागे आणि मागून पुढे. फक्त हाताखाली काही नव्हतं. फडका केव्हाच निसटून चाकापाशी पडला होता आणि ती नुसत्या तळव्यानं ओला पत्रा पुसत बसली होती. तिची नजर तेव्हा समोरच्या काचेवर होती, काचेत पोर्चचं छप्पर उलटं दिसत होतं, त्या छपराच्या कडेनं एक चिमणी उलटी चालत होती, आणि तेवढ्या वेळात हात आपला आपण कुठेतरी निघून गेला होता. डोळे दुसरीकडे गेले की बोटांना काही कळत नाही, हे तिला गेले काही महिने माहीत होतं. कणीक मळताना अंगठी कणकेत राहिली होती, शर्टाचं बटण लावतेय असं वाटत असताना नुसतंच कापड चिमटीत धरलेलं होतं. पण ते सगळं एकटीचं होतं. असं दिवसाढवळ्या, दुसऱ्याच्या देखत आज पहिल्यांदाच झालं. "पडला वाटतं," ती म्हणाली, जमेल तितक्या सहज. "पडला तो मेला," सासरे म्हणाले. "दुसरा घे." आणि त्यांनी तोंड फिरवून नळाकडे पाहिलं. नळ बंद होता.

पडला तो मेला हा त्यांचा गाडी पुसण्यातला पहिला नियम. जमिनीवर पडलेल्या फडक्याला दिसणार नाही इतकी बारीक रेती चिकटते, आणि तोच फडका पुन्हा गाडीवर फिरवला की रंगावर ओरखडे उठतात. म्हणून पडलेला फडका त्या दिवसापुरता बाद. असे नियम बरेच होते. गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार हवा. अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवायचं. गोल गोल घासायचं नाही, आपण काही पातेली घासत नाही. एक बादली साबणाची, एक नुसत्या पाण्याची, आणि त्यांची अदलाबदल झाली तर दुपारपर्यंत अबोला. नवऱ्याला हे नियम ऐकले की लहानपणापासून डोकेदुखी व्हायची, त्यामुळे आजही तो शिताफीनं बाजारात निघून गेला होता. तिला मात्र या नियमांत पहिल्यापासून माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं. तिच्या कामातही पडलेला कापूस उचलायचा नसतो, एकदा पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचं नसतं. ती लॅबमध्ये रक्त घ्यायची. सकाळी उपाशीपोटी येऊन बसलेली माणसं दारातूनच विचारायची, त्या हलक्या हाताच्या बाई आल्यात का? त्या बाई म्हणजे ती. ज्यांची शीर कुणालाच सापडत नाही अशा म्हाताऱ्यांना, जाड्याजुड्यांना, भोकाड पसरलेल्या पोरांना तिच्याकडे पाठवायचे. ती दंडाला पट्टा बांधायची, तर्जनी कोपराच्या खळग्यात ठेवायची आणि भिंतीकडे बघत शोधायची. बघून शीर सापडत नाही, बघितलं तर चुकते. बोटाखाली काहीतरी दबतं आणि परत उसळून वर येतं. ती उसळी ओळखायची, बस. बाकी सगळं कुणालाही शिकवता येतं.

गाडी गडद निळी, जुनी, आणि या घरात तिच्याआधीपासून. लग्नात नवऱ्याच्या आत्यानं सगळ्यांच्या देखत तिला सांगून टाकलं होतं, "हे बघ बाई, आमच्या दादाकडे एक सून आधीपासून आहे. तिला तो रोज न्हाऊ-माखू घालतो. तू आपली धाकटी." सगळे हसले होते, सासरे सोडून. तेव्हापासून गाडी थोरली आणि ती धाकटी. ती गाडीला जाऊबाई म्हणायची, अहो-जाहो करायची. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, तेव्हा घरातलं एकमेव बाईमाणूस म्हणजे जाऊबाईच. त्यांच्या पोटात बसून काही खायचं नाही, नवऱ्यानं शाळकरी वयातसुद्धा कधी बिस्कीट खाल्लं नव्हतं. चढण्याआधी दाराबाहेर पाय झटकायचे. दार ओढायचं नाही, ढकलून लावायचं, आवाज आला तर उघडून परत लावायचं. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिचं आणि सासऱ्यांचं बोलणं म्हणजे जेवायला चला, वाढू का, पुरे आणि हे दार. वाईट काही नव्हतं. घरात एक शिस्तीचा भाडेकरू असावा तसे ते असायचे. लिफ्ट तपासनीस म्हणून आयुष्यभर उंच इमारतींत वर-खाली केल्यामुळे त्यांना माणसांशी दोन मजल्यांपेक्षा जास्त वेळ बोलायची सवयच राहिलेली नाही, असं नवरा म्हणायचा.

यंदा त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि वर्षातून एकदाचं पॉलिश तर ठरलेलं. ते दोन दिवस पोर्चमध्ये जाऊन गाडीकडे बघून परत येत होते. शेवटी तीच म्हणाली, "मी करते बाबा. तुम्ही खुर्चीवर बसून ओरडा." ते म्हणाले, "ओरडायला मला खुर्ची लागत नाही." पण खुर्ची घेऊन आले. तिनं हे काम मागून घेतलं ते निव्वळ आजारपणातल्या त्यांच्या उपकाराची आठवण ठेवून, असं तिला वाटत होतं. आज रविवार होता, हेही एक कारण होतं. घरात बसली असती तर दर पाच मिनिटांनी तिनं बोटं एकमेकांवर घासून पाहिली असती. काल दुपारी लॅबच्या मॅडमचा फोन आला होता. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "तुझी सुईची खुर्ची मी कुणाला दिलेली नाही, आणि पुढच्या काउंटरवरची जागाही धरून ठेवलीय. कुठे बसायचं ते तू सांग. मला राग-लोभ काही नाही. फक्त खरं सांग, बोटं आलीत का?" "सोमवारी आले की सांगते," एवढंच ती म्हणाली. बोटं आली नव्हती. आजार गेला, केस आले, जिभेला चव आली, भुवयासुद्धा आल्या, आधीपेक्षा दाटच. बोटांच्या टोकांना मात्र औषधांनी जे बधीर केलं होतं ते तसंच. बधीर म्हणजे शांतही नाही. आत सतत मुंग्या, बोटांच्या पेरांत कुणी वारूळ केल्यासारख्या, आणि त्या मुंग्यांच्या गोंगाटात बाहेरून आलेलं काहीच ऐकू यायचं नाही. रोज सकाळी ती आंघोळीनंतर डाव्या कोपरात उजवी तर्जनी ठेवून डोळे मिटायची. मुंग्या. फक्त मुंग्या. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू, कुणाला वर्ष लागतं, कुणाला थोडं कमीच येतं. आणि घरात विचारलं की ती म्हणायची, "आलंय की बऱ्यापैकी."

खोटं बोलायची तिला मुळात सवय नव्हती. पण माणसांनी आपल्यासाठी इतकं केलं की बरं होणं हे आपल्या अंगावरचं काम होऊन बसतं. नवऱ्यानं रात्री जागून काढल्या होत्या. मॅडमनी तिची खुर्ची धरून ठेवली होती. आणि बाबांनी, ज्यांच्याशी ती धड पाच वाक्यं बोलली नव्हती, त्या बाबांनी तिला प्रत्येक वेळी हॉस्पिटलात नेलं आणि आणलं होतं. नवऱ्याची नोकरी पाळ्यांची, रजा संपलेली. पहिल्या दिवशी ती पायऱ्यांवर रिक्षाची वाट बघत उभी होती, तर पोर्चमधून गाडी बाहेर आली आणि पुढचं दार आतून उघडलं. "बस," ते म्हणाले. तिनं सवयीनं पाय झटकले. "राहू दे ते," ते म्हणाले. त्या 'राहू दे'नं तिला हॉस्पिटलपेक्षा जास्त घाबरवलं होतं, कारण त्यांनी नियम मोडला म्हणजे आजार खरंच मोठा असणार.

ते गाडी चालवायचे तशी कुणी चालवलेली तिनं पाहिली नव्हती. लिफ्टच्या कामात त्यांचा एक हट्ट असायचा, तो त्यांनी तिला त्या वाटेवरच कधीतरी सांगितला. लिफ्ट थांबली हे आतल्या माणसाला कळताच कामा नये. दार उघडलं की कळावं, अच्छा, आला वाटतं मजला. सिग्नलला गाडी अशीच थांबायची. रस्त्यातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक त्यांना पाठ झाला होता, आणि त्याच्या थोडं आधी ते हलकेच म्हणायचे, "आता येतोय." ती पोटाशी उशी धरायची, गाडी कुणीतरी उचलून पलीकडे ठेवल्यासारखी पार व्हायची. परतीच्या वाटेवर एकदा तिला आवरलं नाही. पिशवी हातात होती पण ती उघडणारी बोटं नव्हती. जे व्हायचं ते दारावर, सीटवर, खाली पायाशी झालं. आंबट वास, काचेवर शिंतोडे, आणि तिला वाटलं की आता जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, आजारानं मेलं तरी चालेल पण या क्षणी या गाडीत असायला नको. त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरून तिच्या बाजूला आले, आधी तिचं तोंड पुसलं, मग हात, मग पाण्याची बाटली दिली, आणि मग डिकीतून त्यांचे ते लाडके, घडी घातलेले फडके काढले. ती रडत म्हणत राहिली, जाऊबाईंचं सगळं घाण केलं हो मी. ते वाकून सीट पुसत होते, वर न बघता म्हणाले, "थोरली आहे ती. पोटात घेईल." त्यांनी केलेला तो पहिला विनोद. आणि बहुतेक त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं असावं, कारण घरी येईपर्यंत त्यांचे कान लाल होते.

"आता पिशवी घे," सासरे म्हणाले. ती भानावर आली. गाडी पुसून कोरडी झाली होती, खुर्ची बॉनेटच्या बाजूला सरकली होती. ते तिला एक पातळ प्लास्टिकची पिशवी देत होते, भाजीवाले देतात तसली, फुंकर मारली तर उडेल अशी. "हात आत घाल आणि पत्र्यावरून फिरव. धुतली म्हणून स्वच्छ झाली असं नसतं. रंगात रुतून बसलेली धूळ पाण्यानं जात नाही, ती आधी शोधायची, मग त्यावर ही धूळ ओढून घेणारी मातीची वडी फिरवायची. मग पॉलिश. मग मेण." तिला कळलं की आता परीक्षा आहे. हात फिरवायचा आणि सांगायचं, इथे खरखरीत, इथे गुळगुळीत. ती मनातल्या मनात उत्तरं तयार करू लागली. बॉनेटच्या पुढच्या टोकाला धूळ जास्त बसणार हे कुणीही सांगेल, तिथे म्हणायचं खरखरीत. छपराजवळ म्हणायचं बरं आहे. काउंटरवर बसलं तरी काय वाईट होतं? सगळ्यांना ओळखते, कुणाला ओळख दाखवायची, कुणाला धीर द्यायचा, तेही कामच. हात पिशवीत घातला, पिशवी तळव्याला चिकटली, आणि तिनं तो काहीतरी करायचं म्हणून पत्र्यावर ठेवून सरकवला.

खर्रर्र. तिनं हात थांबवला. पिशवीत काहीतरी गेलं असेल. साखरेचे दाणे असतील, भाजीची माती असेल. तिनं हात बाहेर काढला, पिशवी उलटी केली, झटकली, परत घातली. खर्र. दाणे बोटांच्या आत नव्हते, पत्र्यावर होते, ओळीनं, एक इथे, दोन तिथे, मग मोकळी जागा, मग एकदम दाटी. तिनं पिशवी काढून नुसत्या बोटांनी तीच जागा चाचपली. मुंग्या. पिशवी घातली. दाणे. पुन्हा पिशवी काढली. "काय चाललंय?" सासऱ्यांनी विचारलं. "बाबा, हे पिशवीतून जास्त लागतं?" "लागतंच. उघड्या हाताचं कातडं पत्र्याला धरतं, अडकतं, त्या अडकण्यातच निम्मं लक्ष जातं. पिशवी सरकते. मग हाताला दुसरं काही काम राहत नाही, नुसतं खालचं कळतं. लिफ्टच्या रुळांना आम्ही असंच बघायचो." त्यांनी हे इतक्या रूक्षपणे सांगितलं की तिला हसू आलं, आणि ते लपवायला ती वाकून मातीच्या वडीवर साबणाचं पाणी शिंपडू लागली.

लॅबमध्ये पहिल्याच महिन्यात तिनं एक गोष्ट शिकून घेतली होती, जी कुणी शिकवत नाही आणि सगळे करतात. ग्लोव्ह घालायचा आणि तर्जनीचं टोक दातानं किंवा कात्रीनं उडवायचं. शीर उघड्या बोटालाच कळते, रबरातून नाही, ही त्या खोलीतली श्रद्धा. मॅडम ओरडायच्या, नियमात बसत नाही, धोक्याचं आहे, तुमच्यासाठीच सांगते. मॅडम वळल्या की टोक उडायचं. तिच्या हलक्या हाताचं सगळं गुपित त्या उघड्या पेरात आहे असंच ती समजत आली, आणि म्हणून आजारानंतर ती रोज सकाळी उघड्या बोटानंच शीर शोधत होती, उघड्या बोटालाच रोज नापास करत होती. ग्लोव्ह घालून बघायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. जे उघड्यानं कळत नाही ते झाकून कसं कळेल? डोळ्यांना दिसत नाही म्हणून कुणी डोळे बांधतं का? ती वडी फिरवत होती, सरळ रेषेत, आणि प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर पिशवीतल्या हातानं तपासत होती. दाणे कमी होत होते. दाटी विरळ झाली, मग एखादा चुकार, मग काही नाही, आणि ते काही नाहीसुद्धा कळत होतं. मुंग्या होत्याच. पण आता त्या शेजारच्या घरातल्या भांडणासारख्या, भिंतीपलीकडे. तिला कुणाला तरी धन्यवाद द्यावेसे वाटले, कुणाला ते कळेना. पिशवीला, भाजीवाल्याला, पत्र्यावर येऊन बसलेल्या धुळीला. एवढ्यात नको, तिनं स्वतःला बजावलं. पत्र्यावरची रेती म्हणजे माणसाची शीर नव्हे.

बॉनेट झालं, डावीकडचं मडगार्ड झालं, पॉलिशचा पांढरा लेप चढला आणि उतरला, आणि त्याखालून निळा रंग असा वर आला की दोघंही बघत राहिले. काळ्या प्लास्टिकच्या कडांवर मेण लागून पांढरे डाग पडू नयेत म्हणून सासऱ्यांनी डाव्या हातानं कागदी पट्ट्या चिकटवून दिल्या. खुर्ची सरकत सरकत पुढच्या दारापाशी आली, तिच्या बाजूच्या, जिथून ती इतके महिने चढली-उतरली त्या दारापाशी. तिनं पिशवीतला हात दारावर ठेवला आणि हँडलकडे नेला. हँडलच्या खाली आणि मागे पत्रा बदलला. ही रेती नव्हती. रेती टोचते. हे वीतभर रुंदीचं काहीतरी होतं, बारीक, कोरडं, धुतलेल्या पाटीवरून हात फिरवल्यासारखं. ती खाली वाकून बघू लागली. उजेडाकडे मान तिरकी केल्यावर दिसलं. अर्धचंद्राच्या आकाराचा धुरकट पट्टा, शेकडो बारीक रेघांचा, एकावर एक. "हे काय झालंय इथे?" तिनं विचारलं. सासरे म्हणाले, "असेल काहीतरी. पुढे चल." आणि त्यांचे कान लाल झाले.

तेव्हा तिला मोजा आठवला. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेनंतर औषधांमुळे तिला गार वस्तूला हात लावणं अशक्य झालं होतं. स्टीलचा चमचा, नळाचं पाणी, खिडकीचा गज, कशालाही बोट लागलं की कुणी विजेची तार टेकवावी तसं व्हायचं. गाडीचं हँडल धातूचं. एकदा ती किंचाळली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर हँडलला लोकरीचा मोजा घातलेला, सासऱ्यांचा स्वतःचा, तपकिरी, टाचेला रफू केलेला, वर रबरानं बांधलेला. हॉस्पिटलच्या दारातला पहारेकरी रोज हसायचा, आजोबा, गाडीला थंडी वाजते का? ते म्हणायचे, हो, वाजते. मोजा उन्हातान्हात, वाऱ्यावर, धुळीच्या रस्त्यानं तसाच फडफडत राहिला. महिनोन् महिने. त्याचं लोंबतं टोक गाडी चालू लागली की दारावर घासायचं, धुळीनं भरलेलं, लोकरीचं. आणि ज्या माणसानं जमिनीवर पडलेला फडका आयुष्यात दुसऱ्यांदा गाडीला लावला नाही, त्याला त्या मोज्याखाली काय होतंय हे कळत नव्हतं असं थोडंच असणार होतं! रोज दिसत असणार. रोज ते दार उघडायला या बाजूला यायचे, मोज्यावर हात ठेवायचे, आणि मोजा तिथेच ठेवायचे. तिची बोटं त्या पट्ट्यावर परत परत फिरत राहिली, कडेपासून कडेपर्यंत, आणि तो पट्टा कुठे सुरू होतो, कुठे दाट आहे, कुठे संपतो, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. या माणसाशी आपण 'आलंय की बऱ्यापैकी' असं बोललो, याची तिला अंगभर लाज वाटली. तिनं दारावर वडी फिरवली, पॉलिश चढवून उतरवलं आणि शेवटी पिशवीतल्या त्याच हातानं मेण लावलं.

"बाबा," ती तशीच वाकून म्हणाली, "माझी बोटं नाही आलीत."

"माहितीये."

"मघाशी फडका पडला तेव्हा कळलं?"

"त्याआधीच. चहाचा कप तू दोन्ही हातांनी धरतेस आणि आत किती उरलाय ते वाकून बघतेस." "म्हटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगेल."

"उद्या सुईवर बसू का काउंटरवर, मला कळत नाहीये. कुणाला चुकीचं टोचलं तर? माणसं डोळे मिटून हात पुढे करतात हो माझ्यासमोर. मलाही किती जणांनी टोचलंय, मला माहितीये ना काय होतं ते." मग तिनं पिशवीबद्दल सांगितलं, आणि ग्लोव्हच्या टोकाबद्दल, भराभर, एकातून दुसरं, रडत आणि थोडी हसत. "इतकी वर्षं मी ते टोक उडवत आले. मॅडम ओरडून थकल्या. आणि आता हे भाजीच्या पिशवीतून मला या दारावरचं सगळं कळतंय. पण दार हलत नाही हो. शीर हलते."

सासरे डाव्या हातानं उजवी बाही दुमडायला लागले, एक घडी, दुसरी घडी, कोपराच्या वर. त्यांचा चेहरा हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या माणसासारखा झाला. साऱ्या घराला माहीत होतं की हा माणूस पंधराव्या मजल्यावरून लिफ्टच्या उघड्या पोकळीत वाकून बघायचा, पण सुई पाहिली की दाराकडे निघायचा. दरवर्षीचं त्यांचं रक्त फक्त तीच घ्यायची, आणि ती आजारी पडल्यापासून त्यांनी घेऊच दिलं नव्हतं. डॉक्टर रागावले, मुलगा रागावला. त्यांचं एकच उत्तर, धाकटी आली की बघू.

"शोध," त्यांनी हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. "सुई नाहीये ना जवळपास?"

"पोर्चमध्ये सुई कुठली असणार बाबा?"

"विचारलेलं बरं."

तिनं नवी पिशवी घेतली नाही, तीच हातावर नीट ओढून घेतली. आपल्या ओढणीनं त्यांच्या दंडाला सैलसर पट्टा बांधला. तर्जनी कोपराच्या खळग्यात ठेवली आणि बंद नळाकडे नजर लावली. कातडी. कातडीखाली मऊ. मुंग्या एकदम दाटून आल्या आणि तिनं त्यांना येऊ दिलं, घाईला आलेल्या पाहुण्यांना म्हणतात तसं, बसा, बसा, येतेच मी. बोट थोडं बाहेरच्या बाजूला सरकवलं. काही नाही. आतल्या बाजूला. काहीतरी दबलं, पण ते स्नायूही असेल. ते निसटलं. सासरे श्वास रोखून बसले होते. गाडीवरचं मेण वाळत होतं, त्याचा गोडसर वास येत होता. तिनं बोट उचललं, पुन्हा ठेवलं, दाबलं, सोडलं. आणि खालून काहीतरी उसळून वर आलं. हलकंच, लपूनछपून, पण आलं. बोट सरकवलं तर ते बाजूला पळालं, आणि त्या पळण्यावरूनच तिनं ओळखलं. ही तीच. दरवर्षीची.

"सापडली," ती म्हणाली. "इथून येते, इथे वळते. आणि पळते. तुमची शीर अगदी तुमच्यासारखी आहे, बघितलं की लपते." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. पिशवीला लागलेल्या मेणाचा एक पांढरा ठिपका त्यांच्या कोपराच्या खळग्यात उमटला होता, नेमका शिरेवर. तिनं बोट उचललं, डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून शोधलं. बोट त्याच ठिपक्यावर येऊन थांबलं. तिसऱ्यांदाही.

"मग?" सासऱ्यांनी विचारलं.

"मग उद्या सकाळी उपाशीपोटी यायचं. मॅडमना सगळं खरं सांगणार, त्यांना शेजारी उभं करणार, ग्लोव्ह टोकासकट घालणार. आणि पहिला नंबर तुमचा."

"उद्या?" त्यांनी घाईघाईनं बाही खाली ओढली. "उद्या लगेच? थोडे दिवस काउंटरवर बसून बघितलं असतंस."

"आत्ताच तर म्हणालात ना, शोध?"

"शोध म्हणालो. टोच कुठे म्हणालो?" ते गाडीकडे बघत राहिले. मग खाकरले. "हळू टोचशील ना?"

"सुई आत गेली हे कळताच कामा नये," ती म्हणाली. "कापूस लावला की कळावं, अच्छा, झालं वाटतं."

ते हसले. दात दिसतील इतकं, आणि त्यांचे कान या वेळी लाल झाले नाहीत. "मेण वाळलं बघ," ते म्हणाले. "दार पूस आधी. फार वाळलं की बसून राहतं." हँडलखालचा पट्टा पॉलिशनं निम्माच फिकट झाला होता. तिनं त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, राहू दे तेवढा, थोरलीची काही तक्रार नाही. तिनं कोरडा फडका घेतला आणि दार पुसायला सुरुवात केली, वरून खाली, सरळ रेषेत. धुरकट थर निघत गेला आणि निळ्या पत्र्यात पोर्च उमटला, नळ उमटला, खुर्ची उमटली, खुर्चीवरचे सासरे उमटले. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं समजून त्यांनी हळूच बाही पुन्हा वर केली होती. मेणाच्या ठिपक्याशेजारी डावी तर्जनी ठेवून, भुवया चढवून, ते स्वतःची शीर शोधत होते. दाबत होते, सोडत होते, मान हलवत होते. त्यांना काही सापडत नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत, हसू दाबत, किती तरी वेळ पुसत राहिली. फडका हातात होता. हे कळायला तिला खाली बघावं लागलं नाही.